सिंकखाली पाण्याचा फिल्टर स्वतः बसवताना

सिंकखालच्या कपाटात पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवणे हे काम यंत्राचे कमी आणि जोडांचे अधिक असते. यंत्राच्या आत जे घडायचे ते कारखान्यातच ठरून आलेले असते. आपल्या हातात उरतात ते दहाबारा जोड, दोन भोके आणि काही मीटर नळी. पाणी गळलेच, तर ते बहुतेक वेळा यांपैकी एखाद्या जोडातून गळते, आणि तेही आपण विजेरी घेऊन समोर बसलेलो असताना नव्हे, तर रात्री, जेव्हा आसपासचे नळ बंद झाल्यामुळे जलवाहिनीतला दाब वाढलेला असतो. म्हणून यंत्राच्या गुणवर्णनापेक्षा जोड कोणत्या क्रमाने करावेत, कसे करावेत आणि ते टिकणार की नाही हे कसे ओळखावे, यावर पुढे अधिक भर दिला आहे. उदाहरणासाठी साठवण टाकी असलेले आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) यंत्र घेतले आहे, कारण त्यात सगळ्यांत जास्त जोड येतात. ज्याला ते बसवता आले, त्याला एका भांड्याचा साधा कार्बन फिल्टर बसवणे मुळीच जड जाणार नाही.

आधी पाणी, मग यंत्र

यंत्र विकत घेण्यापूर्वी नळाला कोणते पाणी येते हे माहीत असले पाहिजे, कारण फिल्टरचा प्रत्येक प्रकार वेगळ्या दोषावरचा उपाय आहे आणि एकाचे काम दुसरा करीत नाही. ५ मायक्रॉनचा गाळ-फिल्टर माती, गंज आणि बारीक वाळू अडवतो; पाण्यात विरघळलेल्या कशालाही तो हात लावत नाही. सक्रिय कार्बन क्लोरीन, त्याचा वास आणि बरीच सेंद्रिय रसायने धरून ठेवतो, परंतु क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड यांच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. अतिनील दिवा जंतू निकामी करतो, पण पाणी गढूळ असेल तर कणांच्या आडोशाने काही जंतू सुटतात. विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, शिसे आणि आर्सेनिक कमी करायचे असतील तर मात्र आरओचे मेम्ब्रेन, म्हणजे पाणी जाऊ देणारा पण क्षार अडवणारा पातळ पडदा, लागते. पाणी उकळणे हा येथे पर्याय नव्हे. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण उलट थोडे वाढलेलेच असते.

खिशात मावणारा टीडीएस मीटर या कामी उपयोगी पडतो, मात्र त्याची मर्यादा ओळखून तो वापरावा. तो खरे तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू, कीटकनाशके किंवा अल्प प्रमाणातले शिसे यांबद्दल तो काहीही बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार लिटरमागे ६०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेले पाणी सर्वसाधारणपणे चवीला चांगले लागते आणि १००० च्या पुढे ते उत्तरोत्तर नकोसे होत जाते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असेल तर आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांसाठी प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्यावी. माझे मत असे आहे की टीडीएस दोनशेच्या आत असेल आणि तपासणीत दुसरा कोणताही विशिष्ट दोष सापडला नसेल, तर आरओच्या मागे लागू नये. साधे घरगुती आरओ एक लिटर पिण्याचे पाणी देताना तीन-चार लिटर पाणी मोरीत सोडते, आणि चांगल्या पाण्यासाठी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

खोक्यावर एनएसएफ/एएनएसआय या अमेरिकी मानकांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख असेल तर त्यापुढचा आकडा वाचावा. ४२ हा आकडा चव, वास आणि क्लोरीन यांपुरता असतो. ५३ हा आरोग्याला अपायकारक घटकांसाठी आणि ५८ हा आरओ यंत्रांसाठी असतो. शिसे कमी करण्यासाठी घेतलेल्या कार्बन फिल्टरवर केवळ ४२ लिहिलेले असेल, तर त्या कामासाठी त्याची परीक्षा झालेली आहे असे समजू नये.

दाब आणि जागा

मेम्ब्रेनमधून पाणी ढकलले जाते ते दाबाने. १९६०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी अत्यंत पातळ कातडीचे मेम्ब्रेन तयार केले नसते, तर हा दाब घरात परवडण्याजोगा झालाच नसता. त्याआधीच्या मेम्ब्रेनमधून पाणी इतके हळू झिरपत असे की त्याचा व्यवहारात उपयोग नव्हता. आजही पंपाविना चालणाऱ्या बहुतेक आरओ यंत्रांना साधारण २.८ बार, म्हणजे ४० पीएसआय, इतका दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीला सुमारे १ बार. टाकीतले पाणी सिंकच्या नळापेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.३ बार मिळतो, आणि अशा ठिकाणी बूस्टर पंप असलेले यंत्रच घ्यावे लागते. उलट थेट जलवाहिनीवर दाब ५.५ बारच्या वर जात असेल, तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आधी बसवावा. नळाला लावून दाब मोजणारे घड्याळ हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ते रात्रीही एकदा लावून पाहावे, कारण दिवसा निर्धोक वाटणारा दाब रात्री मर्यादा ओलांडू शकतो.

जागा मोजताना कपाटाची लांबीरुंदी मोजणे पुरेसे नसते, कारण मध्येच ट्रॅपचा वळलेला पाईप येतो, दाराचे बिजागर आत घुसते आणि टाकी उभी करायला मिळेल असे वाटलेला कोपरा ऐन वेळी अपुरा पडतो. यंत्राच्या आणि टाकीच्या मापाचे पुठ्ठे कापून ते कपाटात उभे करून पाहावेत. फिल्टरची भांडी खालून आटे फिरवून काढायची असतात, म्हणून त्यांच्या तळाखाली किमान ५ ते ७ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. ती न ठेवल्यास पहिल्यांदा फिल्टर बदलताना अख्खे यंत्र भिंतीवरून उतरवावे लागते. टाकी मात्र तळावरच ठेवावी. बाजारात १२ लिटरची म्हणून मिळणारी टाकी आत हवेचा कप्पा असल्यामुळे प्रत्यक्षात आठेक लिटर पाणी धरते, तरीही भरल्यावर तिचे वजन दहा किलोच्या वर जाते आणि पातळ फळी तिच्याखाली वाकते.

हत्यारे फार लागत नाहीत: दोन पान्हे, ड्रिल आणि त्याची पाती, नळी कापायची कात्री, टेफ्लॉन टेप, बादली, जुने टॉवेल, विजेरी. यांपैकी नळी कापायची कात्री अनावश्यक वाटून आपण ती टाळतो; ती टाळू नये, आणि का टाळू नये ते पुढे येईलच.

पाणी घेण्याचा जोड

सिंकच्या थंड पाण्याच्या अँगल कॉकवर, म्हणजे सिंकखाली भिंतीतून निघणाऱ्या छोट्या बंद-चालू करायच्या कॉकवर, टी-जोड बसवून यंत्राला पाणी घेतले जाते. गरम पाण्याच्या नळीवरून ते कधीही घेऊ नये; सर्वसाधारण मेम्ब्रेन ३८ ते ४५ अंश सेल्सिअसच्या वर टिकत नाही. कोणती नळी कोणती याबद्दल शंका असेल तर गरम नळ दोन मिनिटे सोडून दोन्ही नळ्यांना हात लावून पाहावा.

काम सुरू करण्यापूर्वी अँगल कॉक बंद करावा आणि वरचा नळ उघडून ठेवावा. पाच मिनिटांनंतरही नळातून थेंब पडत असतील तर अँगल कॉक पूर्ण बंद होत नाही असे समजावे आणि आधी घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तो कॉकच बदलावा. वर्षानुवर्षे न हललेला कॉक जोर लावून फिरवल्यास त्याचा दांडा हातात येऊ शकतो, म्हणून मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो खरोखर बंद होतो का, हे त्याला हात लावण्यापूर्वीच पाहून ठेवावे. कामाच्या मधोमध मुख्य व्हॉल्व्ह शोधत फिरण्यासारखी फजिती दुसरी नाही.

त्यानंतर बादली खाली ठेवून सिंकच्या नळाकडे जाणारी लवचीक नळी अँगल कॉकवरून सोडावी, मध्ये टी-जोड बसवावा आणि नळी त्याच्यावर परत चढवावी. येथे दोन प्रकारचे जोड एकमेकांशेजारी येतात आणि त्यांची गल्लत हे गळतीचे नेहमीचे कारण असते. ज्या नटाच्या आत रबरी वॉशर असतो, तेथे पाणी अडवण्याचे काम वॉशर करतो. तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण टेपच्या जाडीमुळे वॉशर नीट बसतच नाही. जेथे वॉशर नसून आटे आट्यांत घट्ट बसतात, तेथेच टेप लागते. टेप गुंडाळताना आट्यांचे टोक आपल्याकडे करावे, टेप ताणून धरावी आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाचसहा वेढे द्यावेत. पहिला आटा उघडा ठेवावा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्याबरोबर आत जाणार नाहीत. उलट दिशेने गुंडाळलेली टेप जोड आवळताना सुटत जाते आणि तिचा गोळा होऊन बाहेर येतो. तसे दिसले तर जोड सोडून, आटे पुसून, नव्याने गुंडाळावी.

प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवावा. पहिले दोनतीन फेरे अगदी सहज गेले पाहिजेत. सुरुवातीलाच जोर लागत असेल तर आटे तिरके चढले आहेत, आणि पान्ह्याने पुढे रेटल्यास ते कायमचे बिघडतील. बोटांनी फिरवणे थांबल्यावर पान्ह्याने पाव ते अर्धा फेरा पुरतो. त्यासाठी दोन पान्हे वापरावेत, एकाने अँगल कॉक स्थिर धरावा आणि दुसऱ्याने नट आवळावा, नाहीतर भिंतीच्या आतला जोड फिरतो आणि गळती टाइल्सच्या मागे सुरू होते. प्लास्टिकचा नट असेल तर बोटांनी घट्ट केल्यावर पान्ह्याचा मोह आवरावा.

नळीचा काप

यंत्रातले बाकीचे बहुतेक जोड हे पाव इंची प्लास्टिकच्या नळीचे असतात आणि ते आट्यांचे नसून ढकलून बसवायचे असतात. हे जोड दिसायला इतके सोपे असतात की त्यांच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. जोडाच्या आत दातांची एक कडी नळीला पकडते आणि तिच्या पलीकडे असलेली रबरी ओ-रिंग पाणी अडवते. याचा अर्थ असा, की कडीने पकडलेली नळी ओढून निघत नाही म्हणून ती गळणार नाही असे नव्हे. नळी ओ-रिंगच्याही पुढे, थेट तळापर्यंत गेलेली असली पाहिजे.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्यांदा यंत्र बसवले तेव्हा कात्री आणण्याचा कंटाळा केला आणि नळी भाजी चिरायच्या सुरीने कापली. काप किंचित तिरका आला होता, पण जोडात नळी बसली, ओढून पाहिली तर निघाली नाही, आणि संध्याकाळभर एक थेंबही पडला नाही. सकाळी कपाटाचे दार उघडले तेव्हा तळाच्या प्लायवूडवर पाणी साचले होते आणि त्याची कड फुगून वर आली होती. तिरक्या कापाची लांब बाजू तळाला टेकली होती, त्यामुळे हाताला ‘बसली’ असे जाणवले. आखूड बाजू मात्र जेमतेम ओ-रिंगला पोहोचली होती. रात्रीच्या वाढलेल्या दाबाने तेवढ्याच फटीतून वाट काढली. ते प्लायवूड अजून तसेच आहे.

म्हणून नळी कात्रीने अगदी काटकोनात कापावी, कापलेले तोंड उजेडात धरून पाहावे आणि त्याला कंगोरा किंवा चपटेपणा असेल तर सेंटिमीटरभर मागे सरून पुन्हा कापावे. टोकाजवळ नळीवर ओरखडे असतील तर तेवढा भागही कापून टाकावा, कारण ओ-रिंग ओरखड्यावर बंद होत नाही. त्यानंतर जोडाची खोली दुसऱ्या एखाद्या तुकड्याने मोजून घ्यावी आणि तितक्या अंतरावर नळीवर पेनाने खूण करावी. नळी ढकलताना आधी एक थांबा जाणवतो, तो ओ-रिंगचा. आणखी जोर दिल्यावर ती पुढे सरकून तळाला टेकते आणि खूण जोडाच्या तोंडाशी येते. मग नळी मागे ओढून पाहावी आणि सोबत आलेली छोटी क्लिप कडीखाली अडकवावी. जोड सोडवायचा झाल्यास आधी पाणी बंद करून दाब काढावा, क्लिप काढावी आणि कडी बोटाने आत दाबून धरूनच नळी ओढावी. नुसती ओढली तर कडीचे दात नळीवर नेमके तेच ओरखडे पाडतात, जे आपल्याला नको असतात.

नळ्यांची लांबी ठरवताना फार काटकसर करू नये आणि फार सैलही सोडू नयेत. ताणलेली नळी जोडाला एका बाजूला खेचत राहते, तर अतिशय लांब नळी कुठेतरी मुडपते आणि पाणी बारीक होते. फिल्टर बदलताना यंत्र थोडे पुढे ओढता येईल इतकी ढील ठेवावी.

ओट्यावरचे आणि सांडपाण्याच्या पाईपचे भोक

पिण्याच्या पाण्याची वेगळी तोटी बसवण्यासाठी सिंकला किंवा ओट्याला साधारण १२ मिलिमीटरचे भोक लागते. नेमके माप तोटीसोबतच्या कागदावर पाहावे. सिंकला हातसाबणाच्या बाटलीसाठी आधीच भोक असेल तर तेच वापरावे, कारण एकदा पाडलेले भोक मागे घेता येत नाही. भोक पाडण्यापूर्वी खाली वाकून त्या जागेखाली सिंकची पकड, कपाटाची पट्टी किंवा पाईप येत नाही ना, हे पाहावे. स्टीलवर आधी पंचने खळगा करावा, नाहीतर ड्रिलचे पाते घसरून सिंकवर ओरखडा उमटतो. मग बारीक पात्याने भोक पाडून पायऱ्यापायऱ्यांच्या पात्याने ते मोठे करावे, वेग कमी ठेवावा आणि थेंबभर तेल सोडत राहावे. ग्रॅनाइटवर साधे पाते चालत नाही, हिऱ्याचे कण लावलेले पोकळ पाते लागते. त्याभोवती पुट्टीचे किंवा मळलेल्या पिठाचे कडे करून त्यात पाणी भरावे, पाते आधी तिरके धरून खाच पाडावी आणि मग सरळ करावे. शेवटचे काही मिलिमीटर राहिल्यावर जोर देणे थांबवावे, कारण दगडाचा खालचा टवका तेथेच उडतो. दगडाच्या कामाची सवय नसेल तर एवढे एक भोक कारागिराकडून पाडून घेण्यात कमीपणा नाही.

सांडपाण्याचे भोक त्यामानाने सोपे असते, पण त्याची जागा चुकली तर दुर्गंधी येते. पाईपभोवती आवळायची पकड नेहमी ट्रॅपच्या वरच्या बाजूला, म्हणजे सिंक आणि ट्रॅप यांच्या मधल्या पाईपवर बसवावी. ट्रॅपमध्ये साठून राहणारे पाणी गटारातली हवा वर येऊ देत नाही. पकड ट्रॅपच्या पलीकडे बसवली तर ती हवा नळीवाटे वर येण्याचा मार्ग मोकळा होतो. सुमारे ७ मिलिमीटरचे भोक पाईपच्या फक्त एकाच बाजूच्या भिंतीला पाडावे. ड्रिल आरपार गेले तर पाईपच बदलावा लागतो. पकडीच्या आतल्या फोमच्या वॉशरचे भोक पाईपच्या भोकाशी जुळते का हे पाहण्यासाठी ड्रिलचे पाते हातानेच दोन्हींतून घालून पाहावे आणि मग पकडीचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने, सारखे आवळावेत. नळीचे टोक पाईपच्या आत पार पलीकडे टेकेल इतके घुसवू नये, अन्यथा वाट बंद होते. काही तोट्यांना हवेची फट ठेवलेली असते आणि त्यांना एकाऐवजी तीन नळ्या जोडाव्या लागतात. सिंक तुंबला तरी घाण पाणी यंत्राकडे उलटे ओढले जाऊ नये, यासाठी ती व्यवस्था असते. तशी तोटी मिळत असेल तर तीच घ्यावी.

सांडपाणी मोरीत न सोडता बादलीत घेता येते आणि ते लादी पुसायला किंवा धुण्याला वापरता येते. झाडांना घालताना मात्र सावध असावे, कारण मूळच्या पाण्यातले क्षार त्यात अधिक घट्ट झालेले असतात.

मेम्ब्रेन घालणे आणि पाणी सुरू करणे

पाणी गाळ-फिल्टरमधून कार्बनमध्ये, तेथून मेम्ब्रेनमध्ये, मेम्ब्रेनमधून टाकीत आणि टाकीतून शेवटच्या कार्बनमार्गे तोटीला जाते. कार्बन मेम्ब्रेनच्या आधीच का, याचे उत्तर असे की प्रचलित पॉलिअमाइड मेम्ब्रेन क्लोरीनने खराब होते. कार्बन संपल्यावरही तो न बदलणारा माणूस खरे तर मेम्ब्रेनचेच आयुष्य कमी करीत असतो. नळ्यांच्या रंगांवर विसंबू नये, प्रत्येक तोंडाजवळ छापलेले नाव वाचून जोडणी करावी.

मेम्ब्रेन लगेच घालू नये, ही गोष्ट सूचनापत्रात बारीक अक्षरांत असते किंवा नसतेही. नव्या कार्बनमधून सुरुवातीला काळी भुकटी निघते आणि ती मेम्ब्रेनवर बसली तर काढता येत नाही. म्हणून आधी मेम्ब्रेनकडे जाणारी नळी बादलीत सोडून पाणी चालू करावे. पहिले पाणी पातळ शाईसारखे येते, मग राखाडी होते आणि काही लिटरनंतर स्वच्छ होते; ते स्वच्छ झाल्यावरच पाणी बंद करून नळी जागेवर जोडावी. त्यानंतर हात धुऊन मेम्ब्रेन पाकिटातून काढावे आणि दोन लहान ओ-रिंग असलेले टोक आधी आत घालावे. शेवटी थोडा जोर देऊन ते खोबणीत बसवावे लागते. हे टोक नीट बसले नाही तर न गाळलेले पाणी गाळलेल्यात मिसळते आणि मग टीडीएस का कमी होत नाही याचा शोध आठवडाभर चालतो. भांड्याच्या ओ-रिंगला सिलिकॉनचे खाण्यायोग्य दर्जाचे ग्रीस बोटाने लावावे. पेट्रोलियम जेली लावू नये, तिने रबर फुगते. सांडपाण्याच्या नळीवर प्रवाह रोखणारा एक छोटा तुकडा असतो, तो मेम्ब्रेनच्या क्षमतेशी जुळणारा असावा. तो बसवायचा राहून गेला तर यंत्रात दाबच तयार होत नाही आणि जवळजवळ सगळे पाणी मोरीत जाते.

टाकी रिकामी असतानाच तिच्या खालच्या बाजूच्या हवेच्या झडपेवर टायरचे घड्याळ लावून पाहावे, साधारण ०.५ बार, म्हणजे ७ पीएसआय, हवा असावी. टाकीचा व्हॉल्व्ह टेप गुंडाळून बसवावा आणि तूर्त बंद ठेवावा. पंप असलेल्या यंत्राचा वीजजोड कपाटाच्या तळाशी ठेवू नये. तो भिंतीवर उंच असावा आणि वायर खाली झोका घेऊन वर जाईल अशी सोडावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही.

आता अँगल कॉक अगदी हळू उघडावा. प्रत्येक जोडाखाली कोरड्या टिश्यू पेपरचा तुकडा ठेवावा आणि जोडाभोवतीही तो फिरवून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना तासभर थांबावे, म्हणजे यंत्र पूर्ण दाबाखाली राहते आणि कच्चा जोड लवकर उघडा पडतो. त्यानंतर टाकी उघडावी आणि ती भरू द्यावी, याला दोनतीन तास लागू शकतात. पाणी थंड असेल तर आणखी वेळ लागतो, कारण मेम्ब्रेनची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्याखाली प्रत्येक अंशामागे ती साधारण तीन टक्क्यांनी घटते. भरलेल्या पहिल्या दोन टाक्या पूर्ण ओतून द्याव्यात. मेम्ब्रेन टिकावे म्हणून लावलेले रसायन त्यांत उतरलेले असते. कागदाचे तुकडे मात्र रात्रभर जागेवरच राहू द्यावेत आणि सकाळी तपासावेत.

तिसऱ्या टाकीनंतर टीडीएस मोजावा. बराच वेळ बंद राहिलेल्या यंत्राचे पहिले पाणी जास्त आकडा दाखवते, म्हणून ते काही मिनिटे चालू दिल्यानंतरचा आकडा धरावा. नळाचे पाणी ८०० आणि गाळलेले ६० असेल तर मेम्ब्रेन ९२.५ टक्के क्षार अडवीत आहे. नव्या मेम्ब्रेनने सर्वसाधारणपणे ९० टक्क्यांच्या वर अडवले पाहिजेत. हा पहिला आकडा जपून ठेवावा, कारण पुढे मेम्ब्रेन थकले की नाही हे त्याच्याशी ताडूनच कळते.

पुढे काय बिघडते

टाकी हाताला जड लागते पण तोटीला पाणी बारीक येते, असे झाले तर टाकीतली हवा कमी झालेली असते किंवा शेवटचा कार्बन तुंबलेला असतो. टाकी भरल्यावरही मोरीत पाणी वाहतच राहिले, तर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह किंवा आपोआप पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह निकामी झाला आहे. यात पाणी सतत वाया जाते आणि आवाज इतका मंद असतो की तो महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. दर काही दिवसांनी टाकी भरलेली असताना सांडपाण्याच्या नळीला कान लावावा.

गाळ-फिल्टर साधारण सहा महिन्यांनी, कार्बन सहा ते बारा महिन्यांनी आणि मेम्ब्रेन दोनतीन वर्षांनी बदलावे लागते. पाणी गढूळ असेल तर गाळ-फिल्टर त्याआधीच भरतो. भांडी हाताने घट्ट करावीत आणि सोबतच्या चकतीच्या पान्ह्याने फार तर पाव फेरा द्यावा. फिल्टर बदलल्यानंतरही टिश्यू पेपरची तीच परीक्षा रात्रभर करावी, कारण भांड्याची ओ-रिंग खोबणीतून निसटण्याचा प्रसंग पहिल्या जोडणीपेक्षा याच वेळी जास्त येतो. बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचा टीडीएस हे दोन्ही पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून पट्टी भांड्यालाच लावावी.